घरची बीअर: पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं...' आणि 'म्हणजे कसंय' तेवढे गाळलेत, आणि आकडे सलग वाचता येतील असे लिहिलेत. आजचा विषय तसा आकड्यांचाच आहे: घरी बीअर बनवणं, ज्याला इकडे होमब्रूइंग म्हणतात, त्याचं सामान आणि तंत्र.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. मी न्यू जर्सीत राहतो आणि सांगणार आहे ते सगळं अमेरिकेतलं आहे. इथे १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बीअर राहून गेली. तिच्यासाठी १९७८ उजाडावं लागलं. त्या वर्षी जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून केंद्र सरकारच्या लेखी घरची बीअर मोकळी झाली. तरी राज्यांचा अडसर होताच. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं, ती २०१३ मध्ये तयार झाली. मर्यादा अशी: घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. एक बाटलीसुद्धा नाही.

महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांना स्पष्टच सांगतो. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय बीअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःच्या ओट्यावर, स्वतःपुरती का असेना. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरी रीतसर परवाना काढून चालतात. तेव्हा तिथल्या मंडळींनी हा भाग विज्ञान म्हणून ऐका. २१ वर्षांखालच्यांनी तर इथेही विज्ञान म्हणूनच.

तर, होमब्रूइंगच्या दुकानात शिरलात की पहिल्यांदा डोळे दिपतात. चकचकीत स्टीलची पातेली, त्यांना तोट्या, पंप, खाली निमुळत्या होणाऱ्या टाक्या, अ‍ॅपवर चालणारी यंत्रं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यातलं काही घेऊ नका. पैसे घालायचेत ते तीनच गोष्टींवर: जंतू मारणारं द्रावण, तापमान मोजायची आणि धरून ठेवायची सोय, आणि हायड्रोमीटर. तिन्ही दिसायला अगदी सामान्य, फोटो काढून स्टोरीवर टाकावं असं काही नाही. पण बीअर बनवतं ते यीस्ट. आपण त्याला गोड पाणी तयार करून द्यायचं आणि त्याच्या कामात दुसरं कोणी लुडबुड करणार नाही एवढं बघायचं.

गोड पाणी कुठून येतं

नाचणीचं सत्त्व कसं करतात ते ज्यांनी आजीकडे पाहिलंय त्यांना माल्ट समजावून सांगायची गरज नाही. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, आणि तेच पुढे दाण्यातल्या पिठाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात. मोड आलेल्या नाचणीची खीर साध्या पिठाच्या खिरीपेक्षा पातळ होते, ती यामुळेच. बीअरसाठी नाचणीच्या जागी बार्ली, आपलं जव. जवाचं माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. तापमान जरा खाली ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त मिळते आणि बीअर हलकी, कोरडी लागते. वर गेलं तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि बीअर तोंडात भरीव लागते.

नवख्याने मात्र हे काम दुसऱ्याने केलेलं विकत घ्यावं. माल्टमधून काढलेली साखर वाळवून पावडर केलेली मिळते, तिला ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. काही जुने लोक याला 'फसवाफसवी' म्हणून नाक मुरडतात. मुरडू दे. विकतच्या पिठाची भाकरी करणारीला कोणी 'तुझं जातं कुठंय' विचारत नाही.

प्रमाण सांगतो. इथल्या बहुतेक पाककृती ५ गॅलनच्या असतात, म्हणजे १९ लिटर, म्हणजे ३५५ मिलीच्या साधारण ५० बाटल्या. साध्या पेल एलसाठी २.७ किलो माल्ट पावडर लागते. १९ लिटर पाणी घरच्या शेगडीवर धड उकळत नाही, म्हणून १० ते १२ लिटर उकळायचं आणि वरचं पाणी शेवटी थंड घालायचं. ते वरचं पाणी आधी उकळून, झाकून गार केलेलं असावं. पातेलं २० लिटरचं असलं की पुरतं. इडलीचं मोठं भांडं असेल तर तेही चालेल, फक्त मसाल्याचा वास नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहजी जात नाही, आणि बीअरला दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास येतो. यावर उपाय म्हणजे कॅम्पडेन नावाची गोळी. ५ गॅलनला पाव गोळी चुरून टाकायची, झालं.

पावडर घालताना आच बंद करा. नाहीतर ती तळाला बसून करपते, आणि वाफेने डब्यातल्या उरलेल्या पावडरीचा दगड होतो. परत उकळी आली की फेस भसकन वर येतो, अगदी दुधासारखा, आणि तेव्हा तिथून हलायचं नाही. हे गोड उकळतं पाणी गुळाच्या पाकासारखं अंगाला चिकटून भाजतं. लहान मुलं आणि मांजर, दोघांना त्या तासाभरात स्वयंपाकघरात प्रवेशबंदी.

उकळी आल्यावर हॉप्स. ही एका वेलीची फुलं, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. तासभर उकळलेल्या हॉप्सने कडूपणा येतो, कारण त्यातलं कडू द्रव्य पाण्यात उतरायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या ५ मिनिटांत टाकलेल्यांनी वास येतो, कारण वासाची तेलं जास्त उकळली तर उडून जातात. फोडणी आधी, कोथिंबीर शेवटी. उकळून तयार झालेल्या या पाण्याला वर्ट म्हणतात.

स्वच्छ आणि निर्जंतुक, दोन वेगळी कामं

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

उकळत्या पातेल्याला जंतूंची भीती नाही. आच बंद झाली आणि वर्ट गार व्हायला लागलं की खरी काळजी सुरू. कोमट, गोड, पौष्टिक पाणी. हवेतल्या, हातावरच्या, डावावरच्या प्रत्येक जंतूसाठी हे लग्नाचं जेवण आहे. आपल्याला त्या पंगतीत एकच पाहुणा बसवायचाय.

आधी धुणं. भांडं दिसायला स्वच्छ झालं पाहिजे, कारण घाणीच्या थराखाली द्रावण पोचतच नाही. भांडी घासायचा साबण शक्यतो टाळा. त्याचा अंश राहिला की बीअरचा फेस टिकत नाही. प्लास्टिकच्या बादलीला तारेची किंवा खरखरीत घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. रात्रभर भिजवून मऊ कापडाने पुसायचं.

मग निर्जंतुक करणं. इथले बहुतेक जण स्टार सॅन नावाचं आम्लयुक्त द्रावण वापरतात, १९ लिटर पाण्यात ३० मिली. दोनेक मिनिटं लागलं की काम झालं, परत धुवायचं नाही. ढीगभर फेस येतो, तो पाहून घाबरू नका, फेसासकट वर्ट ओतलं तरी चालतं. स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवलं की एका बादलीभर द्रावणाचं काम दोन वाट्यांत होतं. मूळ द्रावण हाताला लागू देऊ नका. आणि ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. हे मी जरा आवाज चढवून म्हणालो होतो, वाचतानाही तसंच वाचा.

आच बंद झाल्यानंतर वर्टला जे जे लागणार ते सगळं या द्रावणातून जायला हवं. बादली, झाकण, नळी, चमचा, थर्मामीटर, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, ही तर सोवळ्याची तऱ्हा झाली. झालीच. देवघरात नसेना का, निदान इथे ते कामाला येतं.

वर्ट पटकन गार करायला सिंकमध्ये बर्फ-पाणी घालून त्यात पातेलं ठेवायचं. तांब्याच्या वेटोळ्या नळीचा चिलर मिळतो, चांगला असतो, पण १० लिटरला बर्फ पुरतो.

तापमान: खोलीचं आणि बादलीच्या आतलं

वर्ट २० अंशांच्या खाली आलं की ते आंबवायच्या बादलीत ओतायचं, वरचं थंड पाणी घालून १९ लिटर करायचं, चांगलं ढवळायचं आणि ११ ग्रॅमचं सुकं यीस्टचं पाकीट वरून भुरभुरायचं. बादली २५ लिटरच्या आसपासची घ्या, कारण वर फेसाला जागा लागते. काचेची मोठी बरणी दिसायला छान, पण भरल्यावर जड, ओली झाली की निसरडी, आणि फुटली तर टाके पडतात. माझ्या घरी ती नाही.

झाकणावर एअरलॉक बसवायचा. ही पाणी भरलेली छोटी वाकडी नळी. आतला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

आता यीस्टचं विरजण लागलं. दह्याला थंडीत गोधडी गुंडाळावी लागते. इथे उलटी तऱ्हा, यीस्ट स्वतःच तापतं. साखर खाताना ते उष्णता सोडतं आणि पहिल्या तीन दिवसांत बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त असू शकतं. म्हणजे खोली २३ वर असेल तर आत २७. साध्या एल यीस्टला १८ ते २० मानवतं. २७ वर ते जोरात धावतं, पण सोबत नको असलेलं बरंच काही बनवतं: केळ्यासारखा वास, नेलपॉलिशची झाक, घशाला लागणारी जड अल्कोहोलं. कितीही महागडं माल्ट घातलेलं असो, हा वास नंतर काही केल्या निघत नाही.

म्हणून बादलीला थर्मामीटरची पट्टी चिकटवा आणि पहिले तीन दिवस तिच्यावर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात सगळ्यात स्वस्त उपाय: पसरट टबात पाणी, त्यात बादली, बादलीला जुना ओला टी-शर्ट, टबात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहायच्या. माठाचंच तत्त्व आहे. पैसे असतील तर जुना फ्रिज आणि त्याला तापमान-नियंत्रक. माझ्या मते घ्यायचंच झालं तर मोठ्या पातेल्याआधी हे घ्या.

भारतात बीअर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती लागर. तिचं यीस्ट ८ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं. फ्रिजशिवाय ते जमत नाही. म्हणून सुरुवात एलने.

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका

साधारण आठवड्याभरात एअरलॉक शांत होतो आणि माणसाला बाटल्या भरायची घाई सुटते. पण बुडबुडे थांबणं म्हणजे आंबणं संपलंच असं नाही. झाकण सैल असेल तर ते आधीच थांबतात, ऊन पडलं तर संपल्यानंतरही येतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. ही तरंगणारी काचेची कांडी. पाण्यात साखर जास्त असली की ती वर तरंगते, साखर संपत गेली की खाली बुडते. साध्या पाण्यात आकडा १.०००. आपल्या वर्टचा सुरुवातीचा आकडा १.०५२ च्या जवळ येईल. शेवटी तो १.०१२ च्या आसपास थांबायला हवा. दोन्हींतला फरक गुणिले १३१ म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, इथे सव्वापाच.

थांबला म्हणजे कसा? तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचं. दोन्ही वेळा तोच आकडा आणि तो अपेक्षेच्या जवळ, तरच संपलं. मोजायला काढलेली बीअर परत बादलीत ओतू नका, चाखून बघा. हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास येत असेल तर यीस्टचं काम अजून चालू आहे. ते द्रव्य यीस्टनेच बनवलेलं असतं आणि वेळ दिला तर तेच ते परत खाऊन टाकतं. मी सरसकट दोन आठवडे बादलीला हात लावत नाही.

हे सगळं चवीसाठी झालं. पण हायड्रोमीटरवर माझा एवढा जोर आहे तो दुसऱ्याच कारणाने.

बीअरला फसफस यावी म्हणून बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू बंद बाटलीत अडकतो आणि बीअरमध्ये विरघळतो. हिशोब असा: लिटरमागे ४ ग्रॅम साखर म्हणजे बीअरच्या आकारमानाएवढा, एक पट वायू. २० अंशांना आंबलेल्या बीअरमध्ये पाऊण पटीहून थोडा जास्त वायू आधीच असतो. आपल्याला हवाय २.४ पट. म्हणजे १९ लिटरला साधारण ११५ ते १२० ग्रॅम साधी साखर. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बीअरमध्ये एकसारखी मिसळायची. बाटलीत चमच्याने घालत बसू नका, एकीत कमी, एकीत दुप्पट होते.

आता समजा आकडा १.०२० वर असतानाच घाईने बाटल्या भरल्या. यीस्ट बंद बाटलीत उरलेली साखर खाऊन १.०१२ वर येणार. या ८ अंकांतून साधारण ४ पट जादा वायू तयार होतो, तोही आपल्या २.४ वर. साधी बीअरची बाटली ३ पटीपर्यंत ठीक असते. ६ पटीला ती फुटते, आणि एकट्याने फुटत नाही, शेजारणींना घेऊन फुटते. काचेचे तुकडे पार खोलीभर उडतात. इथे या प्रकाराला बाटलीबॉम्बच म्हणतात. कुकरला शिट्टी असते, बाटलीला नसते.

म्हणून: मोजल्याशिवाय भरायचं नाही. बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवायच्या, येण्याजाण्याच्या वाटेवर नाही. एखादी उघडल्यावर कारंजं उडालं तर बाकीच्या ताबडतोब थंड करायच्या, थंडीत यीस्ट सुस्तावतं. त्या हलवताना हातमोजे आणि चष्मा घालायचा.

बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून जाणाऱ्या प्रकाशाने हॉप्समधलं द्रव्य बिघडतं आणि स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. विकतच्या बीअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन चालतात, फक्त झाकण हाताने फिरवून निघणाऱ्या नकोत, त्यांच्यावर आपलं झाकण घट्ट बसत नाही. झाकण दाबायचं यंत्र मात्र दोन हातांचं, साधं, स्वस्तातलं घ्या, वर्षानुवर्षं चालतं. भरताना नळी तळापर्यंत न्यायची आणि बीअर खळखळू द्यायची नाही. आंबल्यानंतर हवा लागली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

आई विचारते ते

'घरच्या दारूने माणसं मरतात ना रे?' हा प्रश्न मला फोनवर घरूनही आला आणि श्रोत्यांकडूनही. प्रश्न वेडगळ नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत गावठी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पण ती मेली मिथेनॉलने. कारखान्यात लागणारं ते विषारी रसायन दारू म्हणून विकलं गेलं होतं. जव आंबवताना मिथेनॉल नगण्य बनतं. ते प्रामुख्याने फळांतल्या पेक्टिनपासून येतं, आणि बीअर ऊर्ध्वपातन करून दाट केलेली नसते. बीअर बिघडली तर आंबट होते, घाण लागते, ओतून द्यावी लागते. ऊर्ध्वपातन, म्हणजे घरी दारू गाळणं, ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतही ते घरी करायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि आगीचा धोका तर आहेच. त्या वाटेला जाऊ नका.

दुसरा प्रश्न: एक्स्ट्रॅक्ट सोडून खऱ्या धान्यावर कधी यायचं? चार-पाच वेळा चव एकसारखी जमायला लागली की. तेव्हाही महागड्या टाकीची गरज नाही. मोठ्या कापडी पिशवीत भरडलेलं माल्ट घालून ती पातेल्यात भिजवायची आणि तासाने वर उचलून निथळायची. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केली. चक्का टांगणाऱ्यांना ती शिकवावी लागत नाही.

आता भरलेल्या बाटल्या दोन आठवडे अंधारात, २० अंशांच्या आसपास. मग एकच फ्रिजमध्ये टाकायची, पूर्ण एक दिवस, म्हणजे वायू बीअरमध्ये मुरतो. ग्लास तिरका धरून एका दमात ओतायचं, मधे थांबून बाटली सरळ करायची नाही, नाहीतर तळाचा गाळ उठतो. तो गाळ यीस्टचाच असतो, अपायकारक नाही, पण पोटात गुडगुड होऊ शकते. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्यायचं आणि ती लगेच विसळून उलटी ठेवायची. वाळलेलं यीस्ट काचेला असं धरतं की पुढच्या खेपेला अर्धा दिवस ब्रश मारण्यात जातो.